पात्रे घासली

कोबीचं तिसरं पान सोडवताना बोट कशावर तरी घसरलं. हातात रबरी मोजा होता तरी कळलं, आणि बोटाच्या आधी पोटाला कळलं. पानावर एक चमकती रेघ होती, मधल्या शिरेच्या कडेने निघालेली, अर्ध्यात थांबून वळलेली, आणि तिच्या टोकाला ती काढणारी बसली होती, बिनशंखाची गोगलगाय, करंगळीच्या नखाएवढी, राखी, ओली. मी पान ओट्यावर टाकलं, त्याच्यावर पातेलं पालथं घातलं आणि सिंकमध्ये ओकले. सकाळचा चहा तेवढा पडला, पण आवाज असा झाला की सून बाहेरच्या खोलीतून हातातलं काम टाकून धावत आली. तिने पाठ चोळली, नळ सोडला, पातेलं जरासं उचलून बघितलं आणि हसू दाबलं. "आई, एवढ्याशा किड्याला बघून ओकताय? तुम्ही? अख्खा जन्म मेंदू कापण्यात गेला तुमचा." मी म्हटलं, मेंदू स्वच्छ असतो. तिला ते पटलं नाही, पण खरंच आहे. महिनाभर औषधात ठेवलेला मेंदू साबणाच्या वडीसारखा घट्ट होतो. त्याचे केसाहून पातळ काप निघतात, ते काचेवर पसरतात, त्यांना रंग द्यायचा, वरून दुसरी काच लावायची. त्यात ओंगळ काही नाही. माझ्या हातून हजारो काप गेले आणि घरी येऊन मी नीट जेवले. मला किळस आहे ती मागे राहणाऱ्या ओलेपणाची. भांड्याच्या तळाशी, कपाच्या कानात, बेसिनच्या कडेला जे बुळबुळीत राहतं त्याची. म्हणून मी प्रत्येक भांडं तीनदा घासते. या घरात ती माझी ख्याती आहे. परवाच सून म्हणाली, "सोडा आई त्या ग्लासाला, बिचारा आपलं नावगाव विसरला असेल आता." मुलगा पोट धरून हसला. मीही हसले. मी का घासते हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आज अकरा वाजता मात्र एक माणूस घासण्याबद्दलच विचारायला यायचा होता, आणि कोबीने तोच मुहूर्त धरला होता.

तो माणूस म्हणजे संस्थेचा ग्रंथपाल. मेंदूसंशोधनाची ती संस्था, जिच्यात मी पस्तीस वर्षं काचा रंगवल्या, पात्रं धुतली आणि म्हातारी झाले, तिला आता पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त तिचा इतिहास छापायचा घाट घातला होता आणि तो लिहायचं काम ग्रंथपालाच्या गळ्यात पडलं होतं. परवा त्याने फोन केला. म्हणाला, बाई, एक अडचण आली आहे. किड्यांच्या प्रयोगाच्या प्रकरणात एक वाक्य आहे, की एका कनिष्ठ संशोधिकेच्या हलगर्जीपणामुळे पडताळणी फसली. मसुदा जुन्या लोकांना वाचायला पाठवला होता, कुणीतरी तो त्या संशोधिकेला दाखवला, आणि आता त्या बाईंचं पत्र आलं आहे. फार काही मागत नाहीत. 'हलगर्जीपणामुळे' एवढा एक शब्द काढा म्हणतात. "पण काढायचा तर कारण पाहिजे ना," तो म्हणाला. "तुमचं रजिस्टर आहे माझ्याकडे. त्यात रोज 'पात्रे घासली' म्हणून खूण आहे, खाली तुमची सही आहे. म्हणजे सरांच्या बाजूने सगळं चोख होतं. मग दोष राहतो तो त्यांच्याच हाताचा. तुम्ही फक्त एवढं म्हणायचं, की रजिस्टर बरोबर आहे. मी येऊन लिहून घेतो." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि फोन पुसला. त्या संशोधिकेचं नाव त्याने घेतलं तेव्हा मला ते क्षणभर ओळखीचंच वाटलं नाही. आम्ही सगळे तिला चष्मेवाली म्हणायचो. जाड भिंगं, मागे दोरी बांधलेली, वाकली की चष्मा पाण्यात पडू नये म्हणून.

किड्यांचा प्रयोग ज्यांचा होता ते सर असते तर हे प्रकरण त्यांनी एका वाक्यात मिटवलं असतं. ते जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं मोठं तैलचित्र आता दाराशी लावणार आहेत म्हणे, पाहुण्यांना ते जिथे उभे राहून भाषण द्यायचे तिथेच. ते भाषण मला अजून पाठ आहे. स्मृतीचा शोध, असं ते सुरू करायचे आणि हात मागे बांधायचे. एका माणसाने वर्षानुवर्षं बिनअर्थाची अक्षरं पाठ केली, स्वतःवरच, आणि ती किती दिवसांत किती विसरतात ते मोजलं. मग दुसरा आला. त्याने उंदरांना वाटा शिकवल्या आणि मग त्यांच्या मेंदूचा इथला तुकडा काढ, तिथला तुकडा काढ, असं करत आठवण कुठे ठेवलेली असते ते शोधलं. आयुष्य गेलं, जागा सापडली नाही. मग एका रुग्णाचे झटके थांबावेत म्हणून त्याच्या मेंदूचा आतला भाग दोन्ही बाजूंनी काढला, झटके कमी झाले, आणि त्या दिवसानंतरचं त्याला काही आठवेनासं झालं. पुढे पन्नास वर्षं तोच माणूस रोज तपासला गेला आणि रोज तपासनिसांना नव्याने भेटला. इथे पाहुण्या बायका चुकचुकायच्या आणि सर थोडे थांबायचे, चुकचुकण्यासाठी जागा सोडल्यासारखे. मला त्या थांबण्याची शिसारी यायची. एक गोष्ट मात्र मला आवडायची. एक डॉक्टर होता. त्याची एक रुग्ण होती, तिला कालचं काही राहत नसे, रोज त्याला नव्याने नमस्कार करायची. एके दिवशी त्याने तळहातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओळखलं नाही, टाचणी आठवली नाही, पण हात पुढे करेना. का, विचारलं तर तिला सांगता येईना. सर हे हसत सांगायचे. मी मागे काचा पुसत उभी असायची आणि मला त्या डॉक्टरला फाडकन वाजवावीशी वाटायची.

भाषणाचा शेवट आमच्या किड्यांपाशी व्हायचा. ओढ्यातल्या दगडाखाली सापडणारे चपटे किडे, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पुढे तिरळ्या डोळ्यांचे दोन ठिपके. मधोमध कापला तर दोन्ही तुकड्यांचे दोन किडे होतात. दुसऱ्या एका देशात पूर्वी कुणीतरी त्यांना शिकवलं होतं, मग शिकलेल्या किड्यांचे बारीक तुकडे करून ते न शिकलेल्यांना खाऊ घातले होते आणि जाहीर केलं होतं की खाणारे लवकर शिकतात, म्हणजे आठवण ही अंगातली एक वस्तू आहे, खाता येते, पचते. पुढे इतरांना ते जमेना आणि तिकडे लोकांनी तो नाद सोडला. आमच्या सरांनी तो उचलला. "शिकलेल्याला खाल्लं की शिक्षण मिळतं," ते पाहुण्यांना सांगायचे, "मग कॉलेजं कशाला काढायची? प्राध्यापक शिजवून वाढा." पाहुणे खो खो हसायचे. तुकडे करायला ब्लेड घेऊन मी बसायची. कापताना ते आवाज करत नाहीत. काचेवर आक्रसतात फक्त आणि एक दोरा मागे सोडतात, चिकट, लांबत जाणारा, शेंबडासारखा. बोटाला लागला की पाण्याने जात नाही. दुसऱ्या बोटाला लागतो. त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या दिवसांत मला दिवस गेलेले होते, पहिलंच, आणि नाक असं तीक्ष्ण झालं होतं की खोलीत शिरल्याबरोबर टाक्यांतल्या कालच्या यकृताचा वास यायचा. किड्यांना खायला आम्ही कच्च्या यकृताचे तुकडे टाकायचो. ते त्याच्यावर बसून पोटाच्या मधून एक नळी बाहेर काढतात आणि चोखतात. मी ते बघत दारापर्यंत जायची, ओकून यायची, परत स्टुलावर बसायची. सर एकदा म्हणाले, शास्त्राला पोट नसतं. त्यांना नव्हतंच. ते काचेपलीकडच्या खोलीत बसून आकडे बघायचे, उंटावरून शेळ्या हाकायचे, आणि शेळ्या माझ्या बोटांना चिकटायच्या.

पात्र म्हणजे काचेची एक पन्हळ, दोन फाट्यांची. किडा या टोकाला सोडायचा, पुढे वाट दुभंगायची, डाव्या फाट्याचा तळ खरबरीत, उजव्याचा गुळगुळीत. डावीकडे गेला तर बरोबर. उजवीकडे गेला तर त्याला बारीकसा झटका. शिकलेले किडे डावीकडे जायचे. त्यांचे तुकडे करून ज्यांना घालायचे, त्या नव्या किड्यांची परीक्षा लाल पट्टीच्या पात्रांत व्हायची, जिथे शिकलेले शिकले होते. ज्यांना अडाणी किडे खाऊ घातले होते, त्यांची पांढऱ्या पट्टीच्या पात्रांत. आणि नियम असा, सरांच्या अक्षरात भिंतीवर लावलेला, की प्रत्येक किड्यानंतर पात्र रिकामं करून सौम्य आम्लात बुडवायचं, ब्रशने घासायचं, ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवायचं. कारण किडा जिथून जातो तिथे आपला चिकटा सोडतो, आणि पुढच्या किड्याला तो सापडला तर तो डोकं न चालवता त्याच्यावरून जातो. त्याला शिकावं लागत नाही. आधीच्याच्या घाणीवरून चालत जाणं पुरतं. दिवसाला चाळीस पात्रं. ब्रश फाट्यात शिरत नसे, बोट घालावं लागे. मोजे नव्हते. मी दोन आठवडे घासली. तिसऱ्या आठवड्यात मी बोट घातलं आणि आतला तो थर बोटाभोवती गुंडाळला गेला, आणि मला वाटलं की तो थर आत जाईल, नखाखालून आत, पोटातल्याला लागेल. त्या दिवसापासून मी पात्र नळाखाली धरायची, पाणी सोडायची, ओतायची, रॅकवर पालथं घालायची. काच चमकायची. लांबून कुणी बघितलं असतं तर स्वच्छच म्हटलं असतं. रजिस्टरमध्ये 'पात्रे घासली' असा रकाना होता, त्यात रोज खूण करून सही करायची. मी सोमवारी सकाळी शनिवारपर्यंतच्या सहा खुणा आणि सहा सह्या करून टाकायची, म्हणजे आठवडाभर त्या रकान्याकडे बघायला नको. लाल पात्रांत चिकट्याची वाट नेहमी डावीकडे गेलेली, कारण शिकलेले डावीकडेच जायचे. पांढऱ्यांत अडाणी कुठेही भटकलेले, दोन्ही फाट्यांत सारखाच चिकटा. नवे किडे लाल पात्रांत धावत सुटले. सरांचे आकडे वर गेले. संस्थेला नाव मिळालं, नवी इमारत मिळाली, दूरदूरची माणसं ते किडे बघायला आली. एवढा मोठा शोध, आणि तो माझ्या किळसेने लावला होता.

हे मला तेव्हा कळत होतं का? नाही, असं सांगायला जीभ लवकर तयार होते. पूर्ण कळत नव्हतं, पण चष्मेवालीने मला कळायला भाग पाडलं होतं. पडताळणीसाठी सरांनी तोच प्रयोग तिला करायला दिला. नवी खोली, नवी पात्रं. ती आपली पात्रं आपण घासायची. बाह्या वर करून, आम्लाने लाल झालेल्या हातांनी, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत. तिचे किडे काहीच शिकेनात. शिकलेल्यांना खाणारे, अडाण्यांना खाणारे, सगळे सारखेच मठ्ठ. सर पहिल्यांदा हसले, मग चिडले, मग सगळ्यांसमोर म्हणाले, हिचा हात वाईट आहे, हिच्या हातात किडेसुद्धा टिकत नाहीत. तिने पुन्हा केला, पुन्हा तेच. एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. मी स्टुलावर होते, पोट टेबलाला लागत होतं. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही पात्रं घासता ना, प्रत्येक वेळी?" मी म्हटलं, "हो." ती तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "घासते म्हणजे काय मॅडम, माझं कामच आहे ते. रजिस्टर बघा." आणि वर तोंड वेंगाडलं, दुखावल्यासारखं. मला ते दुखावणं अजून चेहऱ्यावर जाणवतं, गालाच्या इथे. ती सॉरी म्हणाली. वर्षअखेरीला तिची मुदत वाढवली नाही. नंतर कळलं की ती कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवते. किड्यांचा प्रयोगही पुढे पाचसहा वर्षांत मावळला. सरांनी तो विषय सोडला आणि दुसऱ्या कशात तरी मोठे झाले. खोटं पडलं असं कुणी म्हटलं नाही, जुनं झालं असं म्हटलं. जुन्या गोष्टींना घाण येत नाही, नुसती धूळ बसते.

आणि मग, केव्हा ते नक्की सांगता येणार नाही, मला एक गोष्ट आठवायला लागली. सर त्यांच्या खोलीच्या दारात उभे आहेत, उन्हाची तिरीप त्यांच्या बुटांवर, आणि ते म्हणताहेत, राहू द्या बाई, इतकं नका घासू, किडे बुजतात. मला ते फार स्पष्ट आठवतं. बुटांच्या नाड्यासुद्धा. या आठवणीने मला मुलगा लहान असताना झोप दिली. मी काय, हुकमाची ताबेदार. वरून सांगितलं ते केलं. खापर फोडायला इतकं चांगलं डोकं दुसरं नव्हतं. पण निवृत्तीच्या आधीची दहा वर्षं मी ज्या नव्या मंडळींसाठी उंदरांचे मेंदू कापले, त्यांचं सगळं काम याच गोष्टीवर होतं. आठवण ही ठेवलेली वस्तू नाही. बाहेर काढली की ती मऊ होते, आणि परत ठेवताना तिला जे लागलेलं असेल त्यासकट ती घट्ट होते. उंदराला भीतीची आठवण करून द्यायची, नेमक्या त्या वेळी मेंदूत औषध सोडायचं, की परत ठेवणं बिघडतं आणि भीती उरत नाही. तसल्या उंदरांचे काप मी रंगवले. रंगवताना एक दिवस माझ्या लक्षात आलं की सरांच्या खोलीच्या दाराला ऊन कधी येतच नव्हतं. ते दार उत्तरेला होतं, समोर जिना. मग तिरीप कुठली? बूट कुणाचे? मी हातातली काच खाली ठेवली. इतकी किळस मला किड्यांचीही आली नव्हती. स्वतःच्या डोक्यात बोट घातलं आणि ते बुळबुळीत लागलं.

ग्रंथपाल अकराला पाच कमी असताना आला. पन्नाशीचा माणूस, घामाघूम, कापडी पिशवी पोटाशी धरलेली. सुनेने चहा आणि बिस्किटं ठेवली आणि ती आतल्या खोलीत गेली, दार उघडं ठेवून. त्याने बिस्किट चहात बुडवलं, बोलता बोलता विसरला, ते तुटून तळाशी गेलं, आणि त्याने चमच्याने तो लगदा काढून खाल्ला. मी भिंतीकडे बघितलं. "घाबरू नका बाई, कोर्ट नाही हे," तो म्हणाला आणि पिशवीतून रजिस्टर काढलं. कापडी पाठीचं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आमच्याच उंदरांनी असतील. त्याने मधलं पान उघडलं. "बघा, एक दिवस चुकलेला नाही. आजकाल असं काम कोण करतं?" माझ्या सह्या एकाखाली एक, सहा सहाच्या गटात, प्रत्येक गट एकाच दमात केलेला, शाईसुद्धा एकाच जोराची. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हटलं, "पात्रं मी घासत नव्हते."

तो हसला. मग हसू तसंच ठेवून बघत राहिला. "म्हणजे एखाद्या दिवशी राहून गेलं असेल..."

"दोन आठवडे घासली. पुढे कधीच नाही. नुसती नळाखाली धरायची. मला किळस यायची."

त्याने पेन खाली ठेवलं. बराच वेळ तो माझ्या मदतीला येण्याचा रस्ता शोधत होता, हे मला दिसत होतं. "बाई, चाळीस वर्षं झाली. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही त्याच संस्थेतल्या. माणसाची आठवण म्हणजे... एखादी गोष्ट मनाला लागून राहते, मग आपल्यालाच वाटायला लागतं की आपणच केलं. होतं असं." मग आवाज खाली आणला. "की सरांनी तसं काही सांगितलं होतं? घासू नका वगैरे? तसं असेल तर वेगळी गोष्ट आहे. सर तर आता नाहीत. मी असं लिहीन की त्या काळच्या पद्धतीनुसार."

बूट दिसले. नाड्या, तिरीप, सगळं हजर. नुसतं हो म्हणायचं होतं. चष्मेवालीचा शब्द निघाला असता, माझं नाव राहिलं असतं, सर भिंतीवर टांगलेलेच होते, त्यांना काय फरक पडणार होता. मी म्हटलं, "सरांनी सांगितल्याचं मला आठवतं. पण ते खोटं आहे."

"आठवतं आणि खोटं?"

"हो."

"मग घासत नव्हता हे आठवतं, ते खरं कशावरून?" तो चिडून म्हणाला नाही, खरोखर विचारत होता. प्रश्न रास्त होता. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं. पानं चिकटलेली होती, ती नखाने सोडवली. मला तो आठवडा माहीत होता. रस्त्याखालची मोठी नळी फुटली होती आणि तीन दिवस इमारतीत पाण्याचा थेंब नव्हता. किड्यांचं पाणी मोठ्या बाटल्यांत साठवलेलं असे, म्हणून प्रयोग थांबले नाहीत. मी ते पान त्याच्यापुढे केलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. शेऱ्याच्या रकान्यात सरांच्या अक्षरात 'पाणीपुरवठा बंद'. शेजारी 'पात्रे घासली', खूण, माझी सही. त्याच्या शेजारी निकाल: वीसपैकी अठरा, वीसपैकी एकोणीस, वीसपैकी एकोणीस. अख्ख्या रजिस्टरातले सगळ्यात चांगले तीन दिवस. खाली सरांची सही, झोकदार, शेपूट काढलेली.

ग्रंथपालाने ती ओळ बोटाने दोनदा वाचली. "म्हणजे सरांना माहीत होतं?"

"ते मला माहीत नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं. चाळीस वर्षं कुणी बघितलंच नाही."

त्याने माझं म्हणणं लिहून घेतलं, मी सही केली. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "समितीपुढे ठेवतो. छापतील की नाही, शब्द माझ्या हातात नाही." मग जरा घुटमळून त्याने ते पत्र मला दिलं, वाचायला म्हणून. चार ओळींचं होतं. माझा कुठे उल्लेख नव्हता. 'मी हलगर्जी नव्हते, एवढंच मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाविषयी मला काही म्हणायचं नाही.' खाली फोनचा नंबर.

तो गेल्यावर मी फोनकडे हात नेला आणि हात मागे आला. टाचणीवाल्या त्या बाईला कारण सांगता येत नव्हतं, मला कारण माहीत होतं, एवढाच फरक. तिसऱ्यांदा लावला. पलीकडून म्हातारा, कोरडा आवाज आला. मी नाव सांगितलं, तिला ओळख लागली नाही. मग म्हटलं, "मी पात्रं धुणारी." मी घाईघाईने सगळं ओकून टाकलं: घासत नव्हते, तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, आज लिहून दिलं आहे, छापतील की नाही माहीत नाही.

"मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "त्याच दिवशी. तुम्ही ओकायला बाहेर गेलात तेव्हा मी रॅकवरच्या एका पात्रात बोट घालून बघितलं. बुळबुळीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सातवा लागला होता तुम्हाला. सरांना थोडंच कुणी काढणार होतं, तुम्हालाच काढलं असतं. म्हटलं, मला दुसरं काहीतरी मिळेल. आणि खरं सांगू? वाटलं, शास्त्र आहे, दुसरं कुणीतरी शोधेलच महिन्या-दोन महिन्यांत." ती थोडी हसली. "आणि तुम्ही सरांकडे हातमोजे मागायला गेला होतात ना त्याच्या आधी. किती रडला होतात जिन्यात. रबराचा वास किड्यांना लागतो म्हणून नाही म्हणाले ते. मला ते फार लागलं होतं."

मी शोधलं. जिना, रडणं, हातमोजे. तिथे काही नव्हतं. नुसता उत्तरेचा जिना, त्यात कुणी नाही. तिने ते कुठून आणलं? खरं असेल. तीही चाळीस वर्षं ती गोष्ट काढून ठेवत आली असेल, आणि मला माफ करता यावं म्हणून तिला जिन्यात रडणारी कुणीतरी बाई लागली असेल. किती सोयीची बाई होती ती, गरोदर, हात उघडे, मोजे मागणारी. मला ती हवी होती. उद्या सकाळी मला ती आठवायला लागेल, परवा तिच्या गालावरचे ओघळ दिसतील, हे मला ठाऊक होतं. "मला ते आठवत नाही," मी म्हटलं. ती म्हणाली, "असू दे हो ताई. मुलगा कसा आहे?" मुलगा बरा आहे, म्हटलं. चाळिशीला आला. तिच्या गेलेल्या नोकरीवर वाढला, हे म्हणायचं होतं, ते जिभेवर आलं आणि चिकटून बसलं. तिने आपण होऊन फोन ठेवला. उपकार झाले म्हणतात ते असे असतात, हे मला माहीत नव्हतं. अंगावर कुणीतरी ओलं काहीतरी चाळीस वर्षं ठेवलं होतं आणि ते मला आज लागलं.

स्वयंपाकघरात पातेलं तसंच पालथं होतं. मोजे चढवून ते उचललं. गोगलगाय पानावर नव्हती. पातेल्याच्या आतल्या भिंतीवर चढली होती, गोल गोल फिरली होती, आणि स्टीलवर तिच्या रेघा एकीवर एक पडल्या होत्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवरून. मी तिला पानावर घेऊन खिडकीबाहेरच्या कुंडीत सोडलं. पातेलं नळाखाली धरलं, पाणी सोडलं, ओतलं. चमकायला लागलं. सून दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं असणार. नेहमीची थट्टा तिच्या तोंडात आली नाही. म्हणाली, "झालं की आई स्वच्छ. ठेवा आता." मी मोजे काढून ओट्यावर ठेवले आणि उघडं बोट पातेल्याच्या आतून फिरवलं. सगळं तिथेच होतं. नुसत्या पाण्याने ते जात नाही, घासावं लागतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.